शक्यता नको, आकडा सांग

मागच्या रविवारी सकाळी पावणेसहाला बेबीचा फोन आला. बेबी म्हणजे माझी धाकटी बहीण, चोपन्न वर्षांची आहे पण आमच्याकडे एकदा बेबी की कायम बेबी. राहते सुदामा नगरात, माझ्या घरापासून स्कूटरने दहा मिनिटं. "दादा, आज पाऊस येईल का रे? कुरडयांचा चीक काढून ठेवलाय." एप्रिल संपत आलेला, आदल्या रात्री महूच्या बाजूला विजा चमकत होत्या, आणि मोबाईलवरचं ते वेदर अ‍ॅप एक ढग आणि त्यामागे अर्धा सूर्य दाखवत होतं, म्हणजे ज्याने त्याने आपल्याला हवं ते घ्यावं. मी अर्धवट झोपेत म्हटलं, "शक्यता आहे." पलीकडून दोन सेकंद काहीच नाही. मग म्हणाली, "शक्यता नको दादा. आकडा सांग."

हसत म्हणाली. पण माझी झोप उडाली.

मी इंदूरच्या सियागंजात एका तेलाच्या दलालांकडे बसतो, तीस वर्षं होतील आता. काम काय, तर सकाळी उठल्यापासून दुनियाभरच्या बातम्या वाचायच्या, मलेशियाचा पाम कुठे बंद झाला, शिकागोला सोया काय म्हणतोय, अर्जेंटिनात पाऊस पडला का, आणि साडेदहाच्या आत सेठना सांगायचं तेजी की मंदी. त्यामुळे नात्यात माझी ख्याती अशी की दादाला जगाचं कळतं. 2022 च्या जानेवारी-फेब्रुवारीत मी रोज रात्री एकेक वाजेपर्यंत युक्रेनच्या बातम्या वाचत होतो ते काही राजकारणाच्या आवडीने नाही, आपल्याकडे येणारं सूर्यफूल तेल बहुतेक सगळं युक्रेन नाहीतर रशियातून यायचं आणि सूर्यफूल हललं की मागोमाग सोया हलतो, सोया हलला की इंदूर हलतं. सैन्य किती जमलं, कुठे जमलं, उपग्रहाचे फोटो, हे सगळं वाचून वाचून डोकं पिकलं होतं. त्यात जानेवारीच्या शेवटी एक छोटी बातमी आली की रशियाने सीमेजवळ रक्ताचा साठाही आणलाय. रणगाडे दाखवायला आणता येतात, महिनाभर उभे करा, फोटो काढू द्या, परत न्या. पण रक्त म्हणजे महिना-सव्वा महिन्यात खराब होणारा माल. नाशवंत माल नुसता दाखवायला कोण आणेल? मंडीत बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट बरोबर कळते.

मग अमेरिकेने कीवची आपली वकिलात लोकांसकट उचलून पश्चिमेला ल्विवला नेली. 18 फेब्रुवारीला बायडन म्हणाले की पुतिननी निर्णय घेतलाय याची मला खात्री पटलीय. 19 ला, शनिवार होता, मी दुकानात सेठच्या समोर बसलो आणि म्हटलं, "साठ-चालीस, सेठजी." सेठ म्हणाले, "साठ किस तरफ?" "लड़ाई की तरफ. और दस दिन के अंदर." सेठनी पान थुंकलं, दोन फोन केले, आणि जेवायच्या आत आमच्या पुढच्या सौद्यांचा निम्मा माल हाजिरमध्ये, म्हणजे लगेच ताब्यात, उचलून ठेवला. निम्माच. बाकीचा चाळीसवाल्या बाजूसाठी सोडला.

त्याच दिवशी संध्याकाळी बेबीचा फोन आला. तिची चिऊ तेव्हा खारकीव्हला, मेडिकलच्या चौथ्या वर्षाला. आपल्या दूतावासाने 15 तारखेलाच सूचना काढली होती की ज्यांना राहणं गरजेचं नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं परतायचा विचार करावा. एअर इंडियाने तीन विमानं जाहीर केली, 22, 24 आणि 26. चिऊची 25 ला कसलीशी टेस्ट होती, चुकली तर पुन्हा पैसे भरून द्यावी लागणार होती, आणि तिकिटाचे भाव तर काय बोलूच नका. "दादा, 22 चं काढू का 26 चं? तुझं तर रोजचं काम आहे हे." मागे कुकरची शिट्टी झालेली मला अजून ऐकू येते. आणि मी म्हटलं, "शक्यता आहे गं, नाही असं नाही, पण अगदी दोन-चार दिवसांत काही होईलसं वाटत नाही."

तिने 26 चं काढलं.

24 ला सकाळी मी कोपऱ्यावर पोहे खात होतो, जिरावण पडत होतं वरून, आणि हातातला मोबाईल थरथरला. चिऊचा मेसेज. "मामा आवाज येतायत." खारकीव्ह रशियाच्या सीमेपासून चाळीसेक किलोमीटर, म्हणजे इंदूरहून देवास. त्या दिवशी कीवला निघालेलं एअर इंडियाचं विमान अर्ध्या वाटेतून दिल्लीला परतलं, 26 चं तर उडलंच नाही. पुढचे तेरा-चौदा दिवस मी इथे लिहीत नाही, होस्टेलचं तळघर, फोनची बॅटरी, कर्नाटकातला तो मुलगा खारकीव्हमध्ये गेल्याची बातमी, 2 मार्चला बर्फातून खारकीव्हबाहेरच्या पिसोचिनपर्यंत पायी, हे सगळ्यांनी तेव्हा टीव्हीवर पाहिलंय. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात चिऊ घरी आली, सहा किलो कमी होऊन. बेबीने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. "तुला तरी काय माहीत असणार दादा," एवढंच.

पण मला माहीत होतं ना. साठ माहीत होतं. सेठला सांगितलं होतं सकाळी.

त्या वर्षी पावसाळाभर मी एकच गोष्ट वाचत सुटलो, ज्यांचं कामच हे असतं ते लोक हे कसं करतात. भाकीत करणारे म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे ज्योतिषी येतो नाहीतर सिनेमातला हेर. प्रत्यक्षात ही नऊ ते सहा खुर्चीत बसणारी, चष्मा लावलेली, फाईल वाचणारी माणसं, आमच्या दुकानात शोभतील अशी. त्यांच्यातला एक शर्मन केंट, येल विद्यापीठात इतिहास शिकवायचा आणि मग सीआयएत अंदाज लिहिणाऱ्या ऑफिसचा साहेब झाला. 1951 साली त्यांनी एक अहवाल लिहिला की या वर्षात युगोस्लाव्हियावर हल्ला होण्याची "गंभीर शक्यता" धरून चालावं. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एकाने सहज विचारलं, गंभीर शक्यता म्हणजे किती हो? केंट म्हणाला, माझ्या मते पासष्ट-पस्तीस. तो माणूस दचकलाच, त्याने आणि त्याच्या लोकांनी फारच कमी धरलं होतं. मग केंटने परत येऊन आपल्याच मंडळींना एकेक करून विचारलं, की ज्या वाक्याला तुम्ही सगळ्यांनी मान डोलावलीत त्याचा अर्थ तुमच्या मनात काय होता. उत्तरं वीस टक्क्यांपासून ऐंशी टक्क्यांपर्यंत! एकाच टेबलावर, एकाच वाक्यावर.

हे वाचलं तेव्हा मी खुर्ची मागे सरकवून उठलो आणि उगाच गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

केंटने पुढे शब्दांना आकडे बांधायचा पुष्कळ प्रयत्न केला आणि त्याच्याच लोकांनी पुष्कळ विरोध केला, कारण शब्दात लपता येतं, आकड्यात उघडं पडायला होतं. कोणीतरी त्याला म्हणालं म्हणे की असंच चाललं तर आपण म्हणजे मोठं सट्ट्याचं दुकान होऊ. तर तो म्हणाला, कवी होण्यापेक्षा बुकी झालेलं परवडलं. हा माणूस इंदूरला सराफ्यात जन्मायला हवा होता. आज अमेरिकेत त्याचं लेखी कोष्टक आहे, "संभवतो" असं लिहिलं तर पंचावन्न ते ऐंशी, "जवळपास समसमान" म्हणजे पंचेचाळीस ते पंचावन्न, असं. मी एकदा रिकाम्या वेळी आमच्या घरातल्या शब्दांचं कोष्टक करायला बसलो होतो. आईचं "बघू" म्हणजे पाच टक्के, फार तर. वडिलांचं "बघू" मात्र चाळीस. काकूचं "येऊ की" म्हणजे येणार नाहीत, शून्य. "देवाच्या मनात असेल तर" हे बोलणारा कोण त्यावर. आणि माझं "नाही असं नाही", ते किती? बेबीने ते ऐकून दहा धरले असतील का पंधरा, मी तिला आजवर विचारलेलं नाही.

गंमत अशी की आपल्याकडे आकडा होता. आमचे आजोबा होळकरांच्या संस्थानात पटवारी, देपालपूरकडच्या गावांत. त्यांच्या तोंडी सगळं आण्यात असायचं. आणेवारी हा त्यांचा धंदाच, उभ्या पिकात शिरायचं, चार ओंब्या हातावर चोळायच्या, फुंकर मारायची, दाणे तळहातावर मोजायचे आणि म्हणायचं "अकरा आणे". भरपूर पीक म्हणजे सोळा आणे. पण ते पिकावर थांबायचे नाहीत. पाऊस आज बारा आणे. हा मुलगा पास होणार, सात आणे. (हा मुलगा म्हणजे मी.) आणि खळं झालं की आपला आकडा आणि निघालेलं पीक शेजारी शेजारी वहीत मांडायचे, चुकलं असेल तर कुठे चुकलं ते तोंडातल्या तोंडात पुटपुटत. पुढे मी वाचलं की 1950 साली ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानवाल्याने हेच गणित करून ठेवलंय, अंदाज किती टक्के सांगितला आणि झालं काय, यातलं अंतर मोजायचं. आणि 2011 पासून अमेरिकेच्या गुप्तचर संशोधनवाल्यांनी तेच मोजमाप लावून चार वर्षं स्पर्धा घेतली, जगात पुढे काय होणार यावर शेकडो प्रश्न, आणि जिंकली फिलिप टेटलॉक आणि बार्बरा मेलर्स यांची टीम, ज्यात साधे हौशी लोक भरती केले होते. त्यांच्यातले जे सगळ्यात सरस ठरले त्यांची खासियत काय, तर ते आकडा बदलायला लाजत नव्हते. आज पस्तीस, परवा अडतीस, बातमी आली की बेचाळीस.

मला वाटतं लाज हीच खरी गोष्ट आहे. सेठला साठ सांगताना मला कसलीच लाज नव्हती, चुकलो असतो तर चाळीस माझ्या पाठीशी होते, धंद्यात ते चालतं. बेबीला साठ सांगितले असते आणि लढाई झाली नसती, तर तिकीट महाग गेलं, टेस्ट बुडाली, आणि मेव्हणे पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात म्हणाले असते, दादांनी घाबरवलं होतं बरं का. इस्रायलचं असंच झालं होतं. 1973 च्या मे महिन्यात इजिप्त हल्ला करणार म्हणून त्यांनी सैन्य हलवलं, खर्च केला, आणि काहीच झालं नाही. लष्करी गुप्तचर खात्याचे प्रमुख एली झैरा तेव्हाच म्हणत होते की काही होणार नाही, ते खरे ठरले, त्यांचा भाव वधारला. ऑक्टोबरात पुन्हा तीच सगळी चिन्हं, सुएझच्या काठावर तोफा, आणि रशियन सल्लागारांची बायकामुलं घाईघाईने विमानात बसवून परत चाललेली. 5 ऑक्टोबरच्या अहवालात ही चिन्हं लिहिलेली होती, आणि शेवटी निष्कर्ष, युद्धाची शक्यता कमी. दुसऱ्या दिवशी दुपारी युद्ध. डोक्यात एक ठाम समजूत बसली होती की लांब पल्ल्याची विमानं मिळाल्याशिवाय इजिप्त लढणार नाही, आणि एकदा समजूत बसली की बायकामुलं विमानात चढताना दिसतात पण कळत नाहीत.

माझ्या डोक्यात काय बसलं होतं? आपल्या सैन्याचं ऑपरेशन पराक्रम. 2001 च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि आपलं सैन्य सीमेवर जाऊन उभं राहिलं, महूच्या रस्त्याला ट्रकच ट्रक, दुकानात रोज चर्चा आज होणार उद्या होणार, आणि दहा महिने उभं राहून सगळे परत आले. 2021 च्या एप्रिलमध्ये पुतिननीही लाखभर माणसं युक्रेनच्या सीमेवर नेऊन परत फिरवली होती. सैन्य जमणं आणि लढाई होणं यात पुष्कळ अंतर असतं हा हिशेब चुकीचा नाही, माझे चाळीस त्यातूनच आले होते. फक्त बेबीशी बोलताना मी साठ खिशात ठेवले आणि चाळीस तिच्या हातावर ठेवले.

चुकतात मात्र सगळेच. केंटच्याच ऑफिसने 19 सप्टेंबर 1962 ला लिहून दिलं की रशिया क्युबात अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं ठेवील असं वाटत नाही, आणि 14 ऑक्टोबरला विमानातून त्यांचे फोटो निघाले. नंतर त्याने त्यावर लेख लिहिला, सूर असा की चूक रशियाच्या ख्रुश्चेवचीच, शहाण्या माणसाने असं करायला नको होतं. ज्याचा अंदाज चुकतो तो असंच म्हणतो, आमच्या मंडीतही. आपल्या पोखरणचं तर मला चांगलं आठवतं, 1998 चा मे, उकाडा, दुकानात टीव्हीभोवती गर्दी आणि सेठच्या वडिलांनी वाटलेले पेढे. 1995 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या उपग्रहांनी तयारी पकडली होती, दबाव आणून थांबवलीही होती. 1998 ला आपले लोक रात्री काम करत होते, शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात वावरत होते, ते कौतुक आहेच. पण भाजपने जाहीरनाम्यात छापून ठेवलं होतं की अण्वस्त्रं आणू! मागून अमेरिकेच्या अ‍ॅडमिरल जेरेमाया यांनी चौकशी केली तर निघालं काय, की तिकडच्या वाचणाऱ्यांनी धरून चाललं होतं की दिल्लीतलं नवं सरकार आपल्यासारखाच विचार करेल, निवडणुकीत बोलतात ते बोलतात. म्हणजे समोरच्याचं बोलणं ऐकायचं आणि अर्थ आपल्या घरचा लावायचा.

आणि 2022? अमेरिका आणि ब्रिटन हल्ल्याबद्दल खरे ठरले, तर युरोपातल्या पुष्कळांचा विश्वासच बसला नव्हता. जर्मनीच्या परदेशी गुप्तचर खात्याचे तेव्हाचे प्रमुख ब्रुनो काल हे हल्ल्याच्या दिवशी खुद्द कीवमध्ये होते, त्यांना रस्त्याने बाहेर काढावं लागलं. मला हे वाचून, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं. जो माणूस जर्मनीचं सगळं गुपित वाचायचा त्याचंही 26 चंच तिकीट होतं असं म्हणायचं. पण बरोबर ठरलेल्या अमेरिकेचाही पुढचा अंदाज, की कीव काही दिवसांत पडेल, तो साफ आपटला. सहा महिने आधी काबूलचं उलटं, तिथलं सरकार आणखी टिकेल असं वाटलं होतं आणि 15 ऑगस्टला सगळं संपलं. रणगाडे मोजता येतात, रक्ताच्या पिशव्या मोजता येतात. माणूस लढेल का पळेल हे मोजायला अजून कोणाकडे तराजू नाही.

आपल्याकडची सगळ्यात मोठी वाईट बातमी आली तीही एका व्यापाऱ्याच्या पत्रातून. 1761 चा जानेवारी, नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघालेले, छावणी भेलशाजवळ, म्हणजे आपल्या आजच्या विदिशाजवळ. पानिपतची पक्की खबर सरकारी वाटेने यायच्या आधी सावकाराचा जासूद सापडला, त्याच्या पत्रात दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही. शाळेत बाई हे सांगताना रडवेल्या व्हायच्या, आम्ही पण. दुकानात इतकी वर्षं काढल्यावर मला त्या पत्रात आणखी एक दिसतं. सावकाराने उपमा दिली, लपवलं, सगळं केलं, पण दोन म्हणजे दोन आणि सत्तावीस म्हणजे सत्तावीस. त्याच्या पेढीला पुढचे सौदे करायचे होते, तिथे "मोठं नुकसान संभवतं" लिहून भागलं नसतं.

सेठनी त्या मार्चमध्ये मला एक पाकीट दिलं. निम्म्या मालावर जे सुटलं त्यातलं. तारीख चांगली लक्षात आहे, 3 मार्च, चिऊ तेव्हा पिसोचिनमध्ये एका शाळेच्या जमिनीवर झोपलेली होती. मी थँक्यू म्हणून खिशात ठेवलं. घरी आणून कपाटात ठेवलं, अजून तिथेच आहे, आईच्या शालीखाली. बायकोला माहीत आहे, ती काही बोलत नाही.

तर रविवारी बेबी आकडा मागत होती. मी चष्मा लावला, गच्चीवर गेलो. पूर्वेला स्वच्छ, महूकडे एक काळपट पट्टा, वारा पडलेला, पायाखाली फरशी सकाळी सहालाच कोमट. आजोबांसारखा बोट ओलं करून वगैरे पाहिलं, त्यातलं मला काही कळत नाही पण केलं. फोनवर सांगितलं, "पाच आणे." म्हणाली, "बरं. म्हणजे अकरा आणे नाही." मग विचारायला लागली, घालू का नको, मी म्हटलं ते तू ठरव, मी आकडा दिला. त्यावर ती जे बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

नऊला मी स्वतः तिकडे गेलो. तिने निम्म्या कुरडया गच्चीवर जुन्या नऊवारीवर घातल्या होत्या आणि निम्म्या हॉलमध्ये सोफा सरकवून प्लास्टिकवर, पंख्याखाली. चिऊ परीक्षेचं पुस्तक मांडीवर घेऊन त्यांच्या मधोमध बसली होती, हातात सोऱ्या, कपाळाला चिकाचा डाग. मला काठी देऊन कावळे हाकायला वर पाठवण्यात आलं. खुर्ची टाकून बसलो, मोबाईल बंद ठेवला, कुरडयांचा तो आंबूस ओला वास येत होता. साडेअकराला महूकडचा पट्टा जरा रुंद झाला. वाराही फिरला, धूळ उडायला लागली नव्हती अजून पण नऊवारीचं एक टोक हललं. मी जिन्यात जाऊन खाली ओरडलो,

"बेबी, पाचाचे आठ झाले गं!"

"झाले तर झाले," खालून आवाज आला. "दहा झाले की सांग, मग येते उचलायला."